ऑइल इंजिन व पंप यांच्या जोडणीतील नट-बोल्टांची निगा

गव्हाला पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी, म्हणजे मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, पाणी द्यावे लागते. हे पाणी लांबले तर फुटवे कमी येतात व पुढे कितीही पाणी दिले तरी ती उणीव पुरती भरून निघत नाही. नेमक्या अशा वेळी विहिरीवरील इंजिन बंद पडते. मिस्त्री तालुक्याच्या गावाहून दोन दिवसांनी येतो आणि तपासाअंती असे दिसून येते की, इंजिनात कसलाही बिघाड नव्हता. इंजिन व पंप यांच्यामधील कपलिंगचा एक बोल्ट सैल होऊन गळून पडला, राहिलेल्या बोल्टांवर सर्व भार आल्याने तेही तुटले आणि कपलिंगची भोके लांबट झाली. बोल्टाची किंमत काही रुपये. नवे कपलिंग, वाकलेला शाफ्ट, खराब झालेले बेअरिंग आणि दोन दिवस न मिळालेले पाणी यांची किंमत मात्र सहज काही हजारांत जाते.

इंजिनाचे तेल बदलणे, हवेची जाळी धुणे, डिझेल गाळून घालणे या गोष्टी बहुतेक शेतकऱ्यांच्या आता अंगवळणी पडल्या आहेत. नट-बोल्टांकडे मात्र ते खडखडू लागल्याशिवाय कोणी पाहत नाही, आणि खडखडू लागले की पाना घेऊन ते आवळून टाकले जातात. बोल्ट का सैल झाला याचा विचार होत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात बोल्ट नेमके कोणते काम करतो, तो कोणत्या कारणांनी सैल होतो आणि ती कारणे शेतावरच्या शेतावर कशी ओळखावीत याचे विवेचन केले आहे. इंजिन व पंप यांसंबंधी येथे जे सांगितले आहे ते विजेच्या मोटारीने चालणाऱ्या, कपलिंग किंवा पट्टा असलेल्या पंपासही तसेच लागू आहे. मोटार व पंप एकाच शाफ्टवर असलेल्या मोनोब्लॉक संचात कपलिंग नसते. तेथे पायाच्या बोल्टांपुरताच हा विचार करावा.

बोल्टाचे खरे काम

बोल्ट म्हणजे दोन भाग अडकवून ठेवणारी खुंटी, अशी सामान्य समजूत आहे. ती बरोबर नाही. नट आवळला असता बोल्ट किंचित लांबतो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे दोन्ही भागांना एकमेकांवर दाबून धरतो. ह्या दाबामुळे त्या दोन पृष्ठभागांत जे घर्षण निर्माण होते, तेच इंजिनाची ओढ पंपाकडे नेते. बोल्टाच्या दांड्यावर आडवा मार बसतच नाही, किंवा बसू नये. तो बसू लागला की बोल्ट तुटण्याच्या वाटेला लागला असे समजावे.

कडब्याची गाडी भरून दोर आवळलेला सर्वांनी पाहिला आहे. निघताना दोर ताठ असतो. दोन कोसांवर तो ढिला पडलेला आढळतो. गाठ सुटलेली नसते. कडबा खाली बसलेला असतो. बोल्टाचेही असेच होते, फरक इतकाच की येथील मापे डोळ्यांना दिसणारी नाहीत. १२ मिलिमीटर जाडीचा चांगल्या पोलादाचा बोल्ट ६० मिलिमीटर जाडीचे भाग धरीत असेल, तर पुरेसा आवळल्यावर तो सुमारे एक दशांश मिलिमीटर ताणला जातो. तोच बोल्ट २० मिलिमीटर जाडीचे भाग धरीत असेल, तर त्याचा ताण जेमतेम चार शतांश मिलिमीटर असतो. नटाखाली रंगाचा जाड थर, गंज, मातीचा कण किंवा लोखंडाचा खरखरीत कंगोरा राहिला आणि तो चालता चालता तीन शतांश मिलिमीटर दबला, तर पहिल्या बोल्टाचा जवळजवळ तिसरा हिस्सा ताण जातो आणि दुसऱ्याचा सुमारे तीन चतुर्थांश जातो. नट मात्र जागचा तसूभरही हललेला नसतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली ही की, नट बसण्याची जागा घासून, पुसून, रंग काढून स्वच्छ केली पाहिजे. इंजिनाला नवा रंग देताना बोल्टांखालील जागाही रंगवून टाकण्याची हौस असते, ती आवरावी. रंग नट आवळल्यानंतर वरून द्यावा. दुसरी ही की, आखूड बोल्ट लांब बोल्टापेक्षा लवकर सैल पडतो, म्हणून कपलिंगच्या पातळ कडांतील बोल्टांवर अधिक लक्ष हवे.

नट आपोआप का फिरतो

वर सांगितलेली बैठक ढिली होण्याची क्रिया झाली. नट प्रत्यक्ष उलटा फिरून निघण्याची क्रिया निराळी आहे. बोल्टावरील आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला एक उतार होय. ह्या उतारावर नट केवळ घर्षणाने थांबलेला असतो. उतरत्या फळीवर ठेवलेले धान्याचे पोते जागेवर राहते, पण फळीला बाजूने सारखे हिसके दिले तर तेच पोते बोटबोट खाली सरकू लागते. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की नटाचीही अशीच गत होते. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगाने दाखवून दिले की, बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या ओढीपेक्षा असा आडवा सरकाव नट सैल करण्यास कितीतरी अधिक कारणीभूत होतो.

आता इंजिनाचा विचार करावा. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या, एका सिलिंडरच्या चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांस एकदा स्फोट होतो, म्हणजे मिनिटास ७५० व तासास ४५,००० हिसके. आठ तास पाणी चालले तर ही संख्या ३,६०,००० होते. मिनिटाला ६५० फेरे घेणारी, मोठ्या फ्लायव्हीलची जुन्या धर्तीची इंजिने तासास १९,५०० हिसके देतात. ते संख्येने कमी पण प्रत्येक हिसका जड असतो. बोल्टाने भाग घट्ट धरले असतील तर हे हिसके त्याला जाणवतही नाहीत. ताण कमी झालेल्या बोल्टाला मात्र प्रत्येक हिसका थोडा थोडा फिरवीत जातो. म्हणजे आधी बैठक दबते, मग भाग सरकू लागतात, मग नट फिरतो आणि शेवटी बोल्ट तुटतो किंवा गळतो. पहिल्या पायरीवर पाना लावला तर पुढचे काही घडत नाही.

म्हणून नवीन जोडणी किंवा उघडून पुन्हा केलेली जोडणी एकदाच आवळून भागत नाही. पहिल्या तासाभराच्या चालीनंतर इंजिन थांबवून, थंड होऊ देऊन सर्व बोल्ट पुन्हा पाहावेत. आठ-दहा तासांनंतर तिसऱ्यांदा पाहावेत. त्यानंतर महिन्यातून एकदा पाहणे पुरे होते. एकच बोल्ट दर आठवड्यास सैल होत असेल तर दोष बोल्टात नाही असे खुशाल समजावे. तो बोल्ट दुसरीकडच्या दुखण्याची सूचना देत असतो, आणि ते दुखणे बहुधा पायात किंवा सरळ रेषेत सापडते.

पाया

इंजिनाच्या चार पायांपैकी एक पाय टेकत नसला तर चारही बोल्ट आवळल्यावर इंजिनाचे बूड वाकते. वाकलेले बूड सतत उसळी घेते व बोल्ट सैल करते. याची परीक्षा सोपी आहे. चारही बोल्ट आवळलेले असताना एकेक नट सैल करून त्या पायाखाली पातळ पत्र्याची पट्टी सरकते काय ते पाहावे. जेथे ती सहज जाते तेथे योग्य जाडीचा सपाट पत्रा घालावा. लाकडाची ढलपी, टायरचा तुकडा किंवा पुठ्ठा घालू नये. अशा वस्तू दबत राहतात व महिन्याभरात पुन्हा पूर्वीचीच स्थिती येते.

काँक्रीटच्या पायात बोल्ट पुरताना खालच्या टोकाला लोखंडी पट्टी द्यावी आणि बोल्टाभोवती थोडी पोकळी ठेवावी. इंजिन बसवून सरळ रेषा जुळल्यानंतर ही पोकळी सिमेंटच्या पातळ कालवणाने भरावी. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी हे प्रमाण अशा पायास चालते. भरलेल्या सिमेंटवर निदान सात दिवस पाणी मारावे व त्यानंतरच नट पूर्ण आवळावेत. दुसऱ्याच दिवशी इंजिन सुरू करण्याची घाई पुष्कळ ठिकाणी होते. तेथील बोल्ट पायातच डुलू लागतात. एकदा डुलू लागलेला पायातील बोल्ट वरून कितीही आवळला तरी घट्ट होत नाही, तो खोदूनच काढावा लागतो.

नदीकाठी किंवा कालव्यावर इंजिन हलवावे लागते म्हणून ते बाभळीच्या किंवा सागाच्या जाड दांड्यांवर बसवितात. ही पद्धत वाईट नाही, पण लाकडाचा स्वभाव ध्यानात ठेवला पाहिजे. पावसाळ्यात लाकूड फुगते, पण वरचा नट जागा देत नाही. त्यामुळे वायसराखालचे लाकूड चिरडले जाते. उन्हाळ्यात तेच लाकूड सुकून आकसते आणि बोल्ट उघडाच ढिला पडतो. यासाठी नटाखाली गोल लहान वायसर न घालता निदान ७५ मिलिमीटर औरसचौरस, ५ ते ६ मिलिमीटर जाड अशी लोखंडी पट्टी घालावी, आणि दसऱ्याच्या सुमारास व पुन्हा फाल्गुनात हे बोल्ट आवर्जून आवळावेत.

येथे विमानविद्येतील एक उदाहरण उपयोगी पडेल. अनेक देशांत हौशी लोक आपल्या घरच्या कार्यशाळेत लहान विमाने बांधतात. मुंबईत कांदिवली येथे वैमानिक अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ साली लोकांनी पाहिलेही. अशा घरी बांधलेल्या पुष्कळ विमानांचा पंखा लाकडी असतो व तो इंजिनाला बोल्टांनी आवळलेला असतो. कोरड्या हवेच्या प्रदेशातून दमट प्रदेशात, किंवा एका ऋतूतून दुसऱ्या ऋतूत विमान गेले की या बोल्टांचा ताण पुन्हा मोजून घ्यावा, अशी पंखा बनविणाऱ्यांची सक्त सूचना असते. लाकूड तेच आणि बोल्टही तसाच. आकाशात बोल्ट सैल झाला तर खाली उतरून पाना आणता येत नाही, म्हणून तेथे हा नियम पाळला जातो. विहिरीवर पाना हाताशी असतो, म्हणून तो पाळला जात नाही.

कपलिंगची सरळ रेषा

इंजिनाचा शाफ्ट व पंपाचा शाफ्ट एका रेषेत नसतील तर कपलिंगची दोन्ही चाके प्रत्येक फेऱ्यात एकमेकांवर सरकतात. हाच वर सांगितलेला आडवा सरकाव होय. कपलिंगमधील रबराचे बूश थोडासा फरक सहन करतात, परंतु ते फरक झाकण्यासाठी बसविलेले नाहीत. लवकर लवकर झिजणारे, काळी भुकटी सोडणारे बूश दिसले की रेषा बिघडली आहे असे समजावे.

रेषा तपासण्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही. सरळ कडेची पोलादी पट्टी दोन्ही चाकांच्या घेरावर वर, खाली व दोन्ही बाजूंना अशी चार ठिकाणी टेकवून पाहावी. प्रत्येक ठिकाणी ती दोन्ही चाकांवर सारखी टेकली पाहिजे. मग दोन चाकांमधील फटीत पातळ पत्रे घालून तीही चार ठिकाणी सारखी आहे काय ते मोजावे. घेर जुळला पण फट जुळली नाही, तर शाफ्ट एकमेकांशी कोनात आहेत. पुष्कळ लोक केवळ घेर पाहून थांबतात. बोल्ट तुटण्याची निम्मी कारणे या न मोजलेल्या फटीत असतात. पायाचे बोल्ट आवळल्यानंतर रेषा पुन्हा पाहावी, कारण आवळताना इंजिन सरकते.

कपलिंगचा एक बोल्ट तुटला तर सर्वच बदलावेत. उरलेल्या बोल्टांनी जादा भार सोसलेला असतो व त्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. एक नवा व बाकीचे थकलेले असा संच फार दिवस टिकत नाही.

पट्ट्यावर चालणाऱ्या पंपात पुली शाफ्टवर चावीने बसविलेली असते. चावी खाचेत दोन्ही अंगांनी घट्ट बसली पाहिजे. ढिल्या चावीखाली पत्र्याचा तुकडा ठोकण्याची युक्ती दोन दिवस चालते व मग शाफ्टची खाच रुंद होऊन बसते. पुलीवरील लहान स्क्रू चावीला जागेवर धरण्यापुरता असतो. त्याने ओढ सोसावी अशी अपेक्षा करू नये. मोठ्या फ्लायव्हीलच्या चावीचे डोके बाहेर आलेले असते. त्यावर टोपण बसविलेच पाहिजे, कारण धोतराचा सोगा किंवा पदर तेथेच अडकतो.

कोणता बोल्ट, किती आवळावा

बोल्टाच्या डोक्यावर उठावदार आकडे असतात. ४.६ असे लिहिलेला बोल्ट साध्या पोलादाचा असतो, ८.८ असे लिहिलेला त्याच्या सुमारे दुप्पट ओढ सोसतो. पहिल्या आकड्यास शंभराने गुणले म्हणजे एका चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ओढ लागली असता तो तुटेल ते कळते. डोक्यावर काहीच आकडा नसलेला बोल्ट कपलिंगला वापरू नये. असा बोल्ट दाराच्या कडीला चालतो.

आट्यांच्या बाबतीत आपल्याकडे एक विशेष अडचण आहे. इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली ठरविलेले इंची आटे आपल्या देशातील जुन्या यंत्रांवर सर्रास होते. १९५६ च्या वजनमाप कायद्याने मेट्रिक पद्धत आली व हळूहळू यंत्रेही मेट्रिक आट्यांची झाली. खेड्यातील डब्यात मात्र दोन्ही प्रकारचे नट एकत्र नांदतात. तीन अष्टमांश इंची व्हिटवर्थ बोल्ट १० मिलिमीटरच्या नटात घातला तर काही फेरे बसल्यासारखा वाटतो, पण तो ढिला असतो व आटे फक्त टोकाला टेकलेले असतात. आवळताना हाताला पुरेसा जोर लागतो, म्हणून फसगत होते. नट बोटांनी शेवटपर्यंत सहज फिरला पाहिजे आणि बाजूला हलता कामा नये, ही एकच परीक्षा प्रत्येक नटास लावावी.

किती आवळावे याचा अंदाज अनुभवी हाताला असतो असे म्हणतात. प्रत्यक्षात हात लहान बोल्टाला फार आवळतो व मोठ्या बोल्टाला कमी आवळतो. यावर एक सोपा उपाय आहे. धान्य किंवा कापूस तोलण्याचा स्प्रिंगचा काटा पान्याच्या टोकाला अडकवून पान्याशी काटकोनात ओढावा. बोल्टाच्या मध्यापासून काटा अडकविलेल्या जागेपर्यंतचे अंतर ३० सेंटिमीटर असेल, तर ८.८ प्रतीच्या १२ मिलिमीटर बोल्टाला काट्यावर सुमारे २८ किलो यावेत. १० मिलिमीटर बोल्टाला सुमारे १६ किलो व ८ मिलिमीटर बोल्टाला सुमारे ८ किलो पुरतात. साध्या ४.६ प्रतीच्या बोल्टाला यांच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक इतकेच आवळावे. इंजिनाच्या पुस्तिकेत आकडे दिले असतील तर तेच पाळावेत.

आवळण्याच्या एकूण जोरापैकी जवळजवळ नऊ दशांश जोर नटाखालच्या व आट्यांतील घर्षणात खर्च होतो. बोल्ट ताणण्यास केवळ एक दशांश उरतो. म्हणूनच गंजलेल्या आट्यावर पूर्ण जोर लावूनही बोल्ट ताणला जात नाही आणि तेल लावलेल्या आट्यावर तोच जोर लावला तर बोल्ट अधिक ताणला जाऊन तुटू शकतो. वर दिलेले आकडे स्वच्छ व जवळपास कोरड्या आट्यांचे आहेत. आटे तेलकट असतील तर त्यातून एक चतुर्थांश कमी करावे. पान्याला नळी जोडून लांबी वाढविण्याची सवय गंजलेला नट सोडविण्यापुरती ठीक आहे. आवळताना नळी कधीही वापरू नये.

सिलिंडर हेडचे नट एका बाजूने क्रमाने न आवळता समोरासमोरचे, तेही दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांना शेतकऱ्याने स्वतः हात लावू नये. ते काम माहितगार मिस्त्रीचे आहे, व तेथे नवे बोल्ट घालावेत असा आग्रह मालकाने धरावा.

नट फिरू नये म्हणून

स्प्रिंग वायसरवर आपल्याकडे फार मोठा विश्वास आहे. बोल्ट पूर्ण आवळला की स्प्रिंग वायसर दबून सपाट होतो व आडव्या हिसक्यांपुढे त्याचा फारसा उपयोग राहत नाही. तो काढून टाकावा असे नाही, पण तो घातला म्हणून तपासणी टाळू नये. दोन नटांची पद्धत अधिक बरी, मात्र ती बहुतेक ठिकाणी उलटी केलेली आढळते. पातळ नट आधी घालून बेताचा आवळावा, त्यावर जाड नट घालावा आणि पातळ नट एका पान्याने धरून ठेवून जाड नट पूर्ण आवळावा. जाड नट आधी व पातळ वर असे केल्यास सारा भार पातळ नटाच्या थोड्या आट्यांवर येतो.

नायलॉनची कडी असलेले नट चांगले काम देतात, पण सायलेन्सरजवळ ते वापरू नयेत. उष्णतेने नायलॉन मऊ पडते. असा नट बोटांनी शेवटपर्यंत फिरू लागला तर तो टाकून द्यावा. ज्या खिळीवर एखादा भाग सतत फिरतो तेथे हा नटही विश्वासाचा नाही. तेथे खाचांचा नट व आरपार स्प्लिट पिन हवी. विमानांच्या बांधणीतही हाच नियम आहे. स्प्लिट पिन एकदाच वापरावी. वाकवून सरळ केलेली पिन, सायकलची तार किंवा चूक यांनी तिचे काम होत नाही.

आवळलेल्या नटावर व शेजारच्या भागावर मिळून तेलरंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते व दुरून एका नजरेत सर्व बोल्ट तपासता येतात. खर्च जवळजवळ नाही. पण रेघ अखंड आहे म्हणून बोल्ट घट्ट आहेच असे मानू नये. बैठक दबून ताण गेला तर नट फिरत नाही व रेघही तुटत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा पाना लावणे अवश्य आहे. नटाच्या कडेला तांबूस किंवा काळसर बारीक भुकटी दिसली तर भाग आत सरकत आहेत असे ओळखावे.

मळणीयंत्र व ट्रॅक्टर

मळणीयंत्राच्या ड्रमवरील दाते बोल्टांनी बसविलेले असतात. ड्रम मिनिटाला कित्येक शे फेरे घेत असल्याने सुटलेला बोल्ट गोळीप्रमाणे बाहेर येतो किंवा आतील जाळी फाडतो. रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी ड्रम हाताने फिरवून प्रत्येक दाता हलवून पाहावा. दाता बदलताना समोरचा दाताही तोलून सारख्या वजनाचा घालावा, नाहीतर ड्रम थरथरतो आणि तीच थरथर बाकीचे बोल्ट सोडविते.

ट्रॅक्टरच्या मागील शाफ्टवर, जो मिनिटाला ५४० फेरे घेतो, कित्येक अवजारांच्या जोडणीत एक मऊ बोल्ट मुद्दाम घातलेला असतो. अवजारात दगड अडकला तर तो बोल्ट तुटतो व गिअर पेटी वाचते. तो वारंवार तुटतो म्हणून त्या जागी ८.८ किंवा त्याहून कठीण बोल्ट ठोकला जातो. यापुढे दगड अडकला की बोल्ट शाबूत राहतो आणि पेटी फुटते. मऊ बोल्ट डझनाने आणून ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावेत.

तपासणी करताना इंजिन थांबलेलेच असावे. चालू यंत्राचा सैल नट आवळण्याच्या नादात बोटे व हात गमावल्याची उदाहरणे जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत. इंजिनाचा डिझेलचा कॉक बंद करावा, मोटारीचे फ्यूज काढून खिशात ठेवावेत, ट्रॅक्टरची किल्ली काढून घ्यावी. पट्टा किंवा शाफ्टवरील आच्छादन बोल्ट पाहण्यासाठी काढले असेल तर ते बसविल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. आच्छादनाचे दोन बोल्ट हरवले म्हणून ते कायमचे झाडाखाली पडून राहते, हा नेहमीचा अनुभव आहे. मळणीयंत्रांच्या अपघातांमुळेच केंद्र सरकारला १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयी स्वतंत्र कायदा करावा लागला, हे ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांच्या नजरेस आणावे.

प्रात्यक्षिकासाठी ग्रामसेवकांनी गावातील एखादे चालू इंजिन निवडावे. प्रथम मालकालाच नेहमीच्या पद्धतीने कपलिंगचे बोल्ट आवळू द्यावेत, मग स्प्रिंगच्या काट्याने प्रत्येक बोल्ट किती किलोवर फिरू लागतो ते मोजून पाटीवर लिहावे. चार बोल्टांचे चार निरनिराळे आकडे पाहिल्यावर अधिक बोलावे लागत नाही. त्यानंतर रेषा जुळवून, बोल्ट मापाने आवळून, रंगाची रेघ ओढून दाखवावी. पुढील भेटीत त्याच इंजिनाचे तेच बोल्ट पुन्हा मोजावेत व दोन्ही वेळचे आकडे इंजिनाच्या खोलीतील भिंतीवर खडूने शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.